हिराच्या दुरडीतले भुंगेरे

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका शाळेत चला. शाळा लहान, दोन खोल्यांची, पुरंदरच्या डोंगरउतारावर. वर्गामागे अडगळीची एक खोली आहे. तिच्या दाराला कडी आहे, कुलूप नाही. शनिवारची सकाळची शाळा. सात वाजायला आलेत, ऊन नुकतंच खिडकीशी पोचलंय. तुम्ही कडी काढता. आत टेबलावर एक लाकडी पिंजरा आहे. त्याला चहूबाजूंनी मलमल लावलेली, आणि आत पाच लाल भोपळे. पण ते लाल दिसत नाहीत. कुणी वरून पीठ भुरभुरावं तसे पांढरेफटक झालेत. रोज या वेळेला खिडकीकडच्या मलमलीवर दोनशेक काळे भुंगेरे फिरत असतात. साबुदाण्याएवढे, नारिंगी डोक्याचे. आज मलमलीवर एकही नाही.

आता खाली बघा.

मी बघितलं. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या हिरानंही बघितलं. पिंजऱ्याच्या तळाशी सगळे भुंगेरे उलटे पडले होते, पाय वर करून. काही पाय अजून थरथरत होते, बाकीचे पोटाशी आवळलेले.

हिरा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथे तिची स्वतःची दुरडी होती, आत एकच भोपळा आणि तोंडाला आईच्या जुन्या पातळाचं फडकं बांधलेलं. तिनं फडक्याची गाठ सोडली, आत डोकावली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, माझेबी."

तेव्हा हिरा पाचवीत होती. हिरा कामठे. अंगानं काटकुळी, पण एकदा एखादी गोष्ट धरली की न सोडणारी. तिचे आईवडील हडपसरला कामाला होते, म्हणून ती गावात आजोबांजवळ राहायची. आजोबांचं नाव गेनबा, सारं गाव त्यांना तात्या म्हणायचं. शाळेच्या वरच्या अंगाला त्यांची सीताफळाची ऐंशी झाडं होती.

सीताफळ तुम्ही खाल्लं असेल. त्याच्या डोळ्यांच्या खाचांत कधी कधी पांढरा कापूस असतो ना? तो कापूस नसतो. ते पिठ्या ढेकूण असतात. फळाचा रस पितात आणि अंगावर पिठासारखं मेण पांघरून बसतात, म्हणून फवारलेलं औषध त्यांना सहजी लागत नाही. आमचे काळे भुंगेरे मात्र त्या मेणासकट त्यांना खातात. पुण्याच्या एका प्रयोगशाळेतले खैरनार साहेब आषाढात आमच्याकडे आले होते. त्यांनी मला चाळीस भुंगेरे दिले आणि ते वाढवायचे कसे ते शिकवलं. लाल भोपळा घ्यायचा, पण देठासकट, नाहीतर तो कुजतो. त्याच्यावर पिठ्या वाढवायचा, मग पिठ्यावर भुंगेरे. दीड महिन्यात चाळिसाचे दोनशे झाले. शाळा भोपळे आणते पण भाजी करत नाही, म्हणून गावात हसायचे. "बाईंचे भोपळे आजारी हैत, त्यास्नी शाळेत घातलंय," असं म्हणायचे.

हे सगळं मला विज्ञानाच्या तासासाठी हवं होतं. हिराला ते कशासाठी हवं होतं, ते साऱ्या वर्गाला माहीत होतं.

आदल्या वर्षी भाद्रपदात तात्या पाठीवर पंप घेऊन सीताफळं फवारत होते. हिरा त्यांना पाणी आणून देत होती. अचानक वारा फिरला. फवारा तोंडावर आला तरी तात्या थांबले नाहीत. शेवटची ओळ संपता संपता ते बांधावर कोसळले. दोन दिवस दवाखान्यात होते. डॉक्टरांनी बजावलं, "तात्या, आता पंपाला हात लावायचा नाही. पुढच्या खेपेला मला काही करता येणार नाही." घरी येताच तात्या म्हणाले, "डाक्टरचं काय जातंय? झाडं माजी हैत." दुसऱ्याच्या हाती पंप द्यायलाही ते तयार नव्हते. दुसरा माणूस झाडाला नीट फवारत नाही, नुसता दाखवतो, असं त्यांचं म्हणणं.

यंदा पुन्हा फळांच्या खाचा पांढऱ्या झाल्या. हिरानं तात्यांशी भांडून भांडून सोमवारपर्यंतची मुदत मिळवली होती. "सोमवारपातूर थांबतो," तात्या म्हणाले होते. "तुजं किडं झाडावर चढलं तर बरं. न्हाईतर मी अन् माजा पंप."

आणि आज शनिवार होता.

"बाई, कशानं झालं हे?" हिरानं विचारलं.

मला उत्तर माहीत होतं. आत पाऊल टाकताच कळलं होतं. टेबलाचे चारही पाय आम्ही पाण्याच्या वाट्यांत ठेवले होते, मुंग्या चढू नयेत म्हणून. पिठ्याच्या अंगातून गोड चिकटा पाझरतो. मुंग्या त्याच्यासाठी येतात आणि भुंगेऱ्यांना हुसकावतात. शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी बघितलं तर एका वाटीतलं पाणी आटलेलं, आणि पायावरून मुंग्यांची रांग लागलेली. कपाटात मुंग्यांचा खडू होता. शिकवणाऱ्याच्या हातात खडू आला की रेघ मारल्याशिवाय राहवत नाही. मी चारही पायांभोवती रेघा मारल्या. मग वाटलं, खिडकीकडूनही येतील. म्हणून पिंजऱ्याच्या दाराच्या चौकटीवर आतून एक रेघ मारली. हिराच्या दुरडीच्या काठावरही एक. वहीत समास आखावा तशा सरळ. आणि पायाखालच्या वाट्या धुऊन भरून, समाधानानं घरी गेले.

विष मुंग्यांसाठी होतं. मुंगीला सहा पाय आणि भुंगेऱ्यालाही सहा, दोघं एकाच गणगोतातले, हे पाचवीच्या वर्गाला मीच शिकवलं होतं.

क्षणभर वाटलं, सांगू नये. खोलीला कुलूप नव्हतं, कुणीही आलं असेल असं म्हणता आलं असतं. मग हिराच्या तोंडाकडे बघितलं.

"मी केलं," मी म्हणाले. "मुंग्यांच्या खडूनं रेघा मारल्या. इथे, आणि तुझ्या दुरडीच्या काठावर."

तिनं काठावरची पांढरी रेघ बघितली. बोट लावणार होती, मी तिचा हात धरला.

"तुमी मारल्या?"

"हो."

"आतनं?"

"हो गं."

तिनं हात सोडवून घेतला. रागावली असती तर बरं वाटलं असतं. मी कोपऱ्यातली केरसुणी घेतली. वाटलं, मुलं यायच्या आत हे निदान नजरेआड करावं. केरसुणी पिंजऱ्याच्या दाराशी नेली तोच हिरा मधे आली.

"झाडू नका बाई."

"हिरा, मेलेत ते."

"कशावरनं?"

"उलटे पडलेत. हलत नाहीत."

"तात्याबी हलत नव्हतं."

मी थांबले. ही गोष्ट तिनं स्वतः मला कधी सांगितली नव्हती.

"मी हाका मारल्या, तर डोळंबी उघडंना," ती म्हणाली. "खालच्या आळीतला म्हादू आला. म्हणाला, गेला म्हातारा. मी म्हटलं, न्हाई. मग त्यानं तात्यास्नी औषधातनं उचलून चिंचंखाली आणलं. सदरा काढला, अंग धुतलं. म्हादू गाडी बघाया गेला. मी बसून राहिले. उन्हं कलल्यावर तात्यांनी पाणी मागितलं."

ती एवढंच बोलली आणि कामाला लागली. दप्तरातली वही काढून मधली चार पानं फाडली. माझ्या टेबलावरचा रंगकामाचा मऊ ब्रश आणला. खडूच्या रेघेपासून लांब, खिडकीखालच्या गार फरशीवर पानं अंथरली आणि एकेक भुंगेरा ब्रशच्या टोकावर घेऊन पानावर ठेवू लागली. उताणा नाही, पालथा. तो लगेच कलंडायचा. ती पुन्हा सरळ करायची नाही, पुढचा घ्यायची.

मीही दुसरा ब्रश घेतला. त्या दिवशी पाचवीच्या वर्गानं पाढे स्वतःच म्हटले.

पिंजऱ्यातले एकशे ब्याण्णव भरले. ते एका पानावर मावले नाहीत, तीन पानं लागली. दुरडीतले अडतीस, ते चौथ्या पानावर. वेगळे ठेवायला मीच सांगितलं. कारण ते भुंगेरे माझे नव्हते, आणि खरं सांगायचं तर मला ते नकोच होते.

झालं होतं असं की, श्रावणात एके दिवशी हिरा काडेपेटीत सहा भुंगेरे घेऊन आली. तात्यांच्या सीताफळाच्या सालीखाली सापडले म्हणाली. मी म्हटलं, "अगं, तुझे तात्या दहा वर्षं त्या झाडांवर औषध मारतायत. तिथले भुंगेरे कसले असणार? आपल्या चांगल्यांत मिसळू नकोस." तिचं तोंड उतरलं. "पण बाई, तेबी पिठ्याच खात्यात," म्हणाली. मग घरून दुरडी आणली, एक भोपळा माझ्याकडून मागून घेतला, आणि आपला वेगळा संसार टेबलाच्या कडेला मांडला. सहांचे अडतीस तिनं एकटीनं केले होते.

शाळा सुटली. सगळी मुलं गेली. आम्ही दोघी पिंजरा आणि दुरडी साबणाच्या पाण्यानं घासत बसलो. मी ग्रामपंचायतीतून खैरनार साहेबांना फोन केला. काय घडलं ते सांगितलं. ते इतकंच म्हणाले, "उद्या येतो. काही फेकू नका." दुपारभर हिरा मधूनमधून फरशीवर उकिडवी बसायची आणि बघायची. काही नाही. चार वाजता मी म्हटलं, "घरी जा आता. तात्या वाट बघत असतील."

"तात्यास्नी सांगू नका बाई."

"नाही सांगत."

मी चारही पानांवर पातळ फडकं टाकलं, कडांना खडे ठेवले आणि कडी लावली. घरी आले, पण जेवण गेलं नाही. मला भुंगेऱ्यांचं दुःख होतंच. त्याहून जास्त, सोमवारी पंप पाठीवर घेऊन चढण चढणारा तो म्हातारा डोळ्यांसमोरून हलेना.

रविवारी सकाळी मी शाळेत पोचले तेव्हा हिरा पायरीवर बसलेली होती. कडी तिनं काढली नव्हती.

"का गं?"

"एकटीला भ्या वाटलं," ती म्हणाली.

मी दार उघडलं. फडकं तसंच होतं. पण त्याच्या आतून, चौथ्या पानाच्या जागी, काहीतरी बारीक काळं चाललं होतं. एक. मग दुसरं. हिरानं फडक्याशी नाक नेलं आणि मोजायला लागली. मोजताना ती बोटं मुडपायची. दहा झाली की पुन्हा पहिल्यापासून. "चोवीस, पंचवीस... बाई, हाललं ते! सव्वीस."

अडतिसातले सव्वीस उठले होते. काही लंगडत होते, एकाचा एक पंख नीट मिटत नव्हता, पण चालत होते. माझ्या जिवात जीव आला. मग इतर तीन पानांकडे वळलो. एकशे ब्याण्णवांत चार. बाकीचे पाय आवळून वाळले होते.

"तुमचे चारच?" हिरानं विचारलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, खरंच वाईट वाटलं होतं तिला.

खैरनार साहेब दहाच्या सुमारास स्कूटरवरून आले. बरोबर प्रयोगशाळेतले पन्नास नवे भुंगेरे नळ्यांत भरून आणले होते. मला वाटलं ते चिडतील. त्यांनी चौथं पान उचललं आणि डोळ्यांजवळ नेलं.

"हे कुठले?"

"आमच्या तात्याच्या झाडावरचे," हिरा म्हणाली. "बाई म्हणल्या, ते कसले असणार."

"म्हटलं होतं खरं," मी कबूल केलं.

"तात्या कुठलं औषध मारतात? बाटली आहे?"

हिरा पळत जाऊन गोठ्यातली रिकामी बाटली काठीला बांधून घेऊन आली. हात लावायचा नाही हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. साहेबांनी बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं, मग माझ्या खडूच्या खोक्यावरचं.

"एकाच घराण्यातली विषं आहेत," ते म्हणाले.

हिरा लगेच म्हणाली, "मंग माझ्यावाल्यांना सवय झाली असंल. तात्यास्नी तंबाखूची हाय तशी."

"सगळे असंच म्हणतात," साहेब हसले. "पण सवय नाही ती. असं बघ. पहिल्या वर्षी तात्यांनी औषध मारलं. समज, झाडावर शंभर भुंगेरे होते. पंचाण्णव मेले. पाच का नाही मेले?"

"पळून गेले?"

"एखादा गेला असेल. बाकीच्यांच्या अंगात जन्मापासूनच असं काही होतं की विष भिनायच्या आत ते मोडून टाकता यावं. पडतात, पण उठतात. मग पिल्लं कुणाला झाली? मेलेल्यांना?"

"मेलेल्यांना कशी होतील!"

"मग?"

हिरा खिडकीतून बाहेर तिच्या आजोबांच्या झाडांकडे बघत राहिली. "उरलेल्यांना," ती म्हणाली. "मग पुढच्या साली तात्यांनी पुन्ना मारलं. पुन्ना उरलेल्यांना. दहा वर्सं."

"आणि माझ्या प्रयोगशाळेतल्यांनी विषाचा वासही घेतला नव्हता. म्हणून त्यांचं असं झालं." साहेबांनी तीन पानांकडे बोट केलं. मग त्यांचा सूर बदलला. "पण हिरा, हे सगळं 'असेल' आहे. 'आहे' नाही. कदाचित बाईंची दुरडीवरची रेघ फिकट असेल. कदाचित तुझं नशीब. एकदा झालं ते नशीब म्हणता येतं. पुन्हा झालं तर वेगळं."

"पुन्ना कसं?"

त्यांनी दोन काचेच्या बरण्या मागितल्या. हिराला कळलं. उठलेले सव्वीस आम्ही एव्हाना धुतलेल्या दुरडीत सोडले होते. ती दुरडी तिनं छातीशी धरली.

"न्हाई. पुन्ना न्हाई."

"पाचच."

"पाच मेले म्हंजे?"

"मेले तर आपल्याला खरं कळेल. सोमवारी तात्यांना काय सांगणार आहेस? 'असेल' सांगणार?"

मी मधे पडले नाही. शेवटी तिनं स्वतःच ब्रश घेतला. सगळ्यांत धडधाकट पाच तिनं निवडले नाहीत, हे मी बघितलं. जे पहिले समोर आले ते घेतले, लंगडासुद्धा. दुसऱ्या बरणीत प्रयोगशाळेतले पाच. दोन्ही बरण्यांच्या तळाशी साहेबांनी खडूची सारख्याच लांबीची रेघ मारली होती, पट्टीनं मोजून. अर्ध्या तासात दोन्हीकडचे दहाही उताणे झाले. साहेबांनी त्यांना स्वच्छ कागदावर काढलं, दोन वेगळ्या वाट्यांत ठेवलं आणि वर जाळी बांधली.

"उद्या सकाळी तुम्हीच बघा," ते हेल्मेट घालत म्हणाले. "मी असण्याची गरज नाही. दिसेल ते वहीत लिहा. हवं ते नाही, दिसेल ते."

सोमवारी सकाळी सहाला मी आणि हिरा खोलीत होतो. प्रयोगशाळेतल्यांची वाटी आधी उघडली. पाचही तसेच. मग दुसरी. हिरानं डोळे मिटून जाळी काढली आणि डोळे मिटलेलेच ठेवले.

"बाई, तुमी बघा."

"तूच बघ."

तिनं एक डोळा उघडला. मग दुसरा. वाटीच्या काठावर तीन चढले होते. चौथा, लंगडा, मधेच थांबून मिशा साफ करत होता. पाचवा उठला नव्हता.

"चार," ती म्हणाली, आणि वहीत लिहिलं. माझा हात तिच्या पाठीवर होता. ती हसत होती. मीही. इतकं मोकळं मी कित्येक महिन्यांत हसले नव्हते.

तेवढ्यात दारात सावली पडली. तात्या. डोक्याला पटका, पाठीवर पंप, पंपाच्या पितळी नळीचं टोक खांद्यावरून पुढे आलेलं.

"काय ओ बाई, नात माजी हितंच नांदाया धाडलीय का? दोन दीस झालं, घरात दिसंना." मग टेबलाकडे बघून, "सोमवार हाय आज. कुठाय फौज?"

हिरानं त्यांना सगळं सांगितलं. माझी चूकसुद्धा, पण ती सांगताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही. उलटे पडलेले, उठलेले, दोन वाट्या, त्यांच्या बाटलीचं आणि खडूचं घराणं, सगळं. तात्यांनी पंपासकट वाकून वाटीत बघितलं.

"हे माज्या झाडावरचं?"

"तुमच्याच."

"अन् माज्या औषधानं मरत न्हाईत?"

"पडत्यात, पन उठत्यात."

तात्यांनी मांडीवर थाप मारली. "मग झकास की! इतके दीस का न्हाई सांगितलं? हे झाडावर सोडा. मी औषध मारतो. जो किडा मरंल तो मरंल, जो उरंल त्याला हे खातील. दोन्हीकडनं कोंडी!" आणि ते पंपाचा पट्टा आवळत वळलेसुद्धा.

ते म्हणत होते त्यात खोट नव्हती. ज्यांना फवारल्याशिवाय गत्यंतर नाही त्यांना असे भुंगेरे वरदानच, हे खैरनार साहेबही म्हणाले होते. दोन दिवस आम्ही जे सिद्ध करण्यासाठी जीव टांगणीला लावला होता, त्यातूनच तात्यांनी पंपाची वाट काढली होती.

"तात्या," हिरा म्हणाली. "पाच होते."

"बरं मग?"

"चार उठले." तिनं वाटी त्यांच्यासमोर धरली. "हे बघा पाचवं."

तात्यांनी बघितलं.

"हेबी तुमच्याच झाडावरचं. ह्याच्याबी आज्या-पणज्यानं औषध खाल्लं हुतं. तरी न्हाई उठलं." तिचा आवाज आता बारीक झाला होता. "गेल्या साली तुमी उठला. औंदा तुमी चारातले का पाचवे, ते कोन सांगणार?"

तात्या वाटीतल्या त्या ठिपक्याकडे बघत राहिले. मग त्यांनी एक खांदा खाली केला, दुसरा खाली केला, आणि पंप दाराशी टेकवला. स्वतःही उंबऱ्यावर बसले. पटका काढून मांडीवर ठेवला.

"म्हादूनं सांगितलं हुतं मला," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "तो म्हणाला, गेला म्हातारा, अन् ही न्हाई म्हणाली. हिनं ऐकलं असतं तर त्यानं गाडीबी बघितली नसती." मग खाकरून म्हणाले, "किती दीस लागतील? ह्यांची फौज व्हायला?"

"दीड महिना," मी म्हणाले. "अर्धे आज झाडांवर सोडू, अर्धे भोपळ्यांवर वाढवू. तोवर पांढरी झालेली फळं तोडून टाकायची. बुंध्याला ग्रीस लावायचं, मुंग्या चढू नयेत म्हणून."

"खडू न्हाई ना लावायचा?"

"नाही तात्या."

"न्हाई, इचारलं. तुमी मास्तर माणसं, तुमचा काय नेम." ते हसले आणि त्या हसण्यानं आम्हा तिघांचाही भार उतरला. "जातील थोडी फळं. जाऊंद्या. दीड महिना पंप खुंटीला."

हिराला मात्र खुंटीवर भरवसा नव्हता. तिनं फडकं हाताला गुंडाळलं, दाराशी टेकवलेल्या पंपाच्या नळीचं पितळी तोंड पिळून काढलं आणि माझ्या कपाटातल्या खडूच्या डब्यात, त्या मुंग्यांच्या खडूशेजारी टाकलं. झाकण लावलं. डबा सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवायला मला दिला. मग बाहेर नळावर जाऊन हात दोनदा साबणानं धुतले, आणि कुंपणावरच्या वेलाशी जाऊन एकेक भोपळा पिकलाय का ते नख लावून बघू लागली. ज्याच्यात नख शिरलं नाही, तो तिनं देठासकट तोडला.